मांड आधी, लगाम नंतर : मैत्रिणीला घोडेस्वारी शिकवतानाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आजपासून या नोंदी ठेवायला सुरुवात करत आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण, जी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला घोडेस्वारी शिकायची आहे आणि ती मीच शिकवावी असा तिचा आग्रह आहे. लहानपणी ती वडिलांच्या खांद्यावर बसून चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण पाहत असे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली की वारीतले पहिले उभे रिंगण वाटेत तिथेच होते. माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व दिंड्यांच्या मधून दौडत जातात आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे धावतात. मैत्रिणीचे लक्ष मात्र स्वाराच्या पाठीकडे असे. घोडा एवढ्या वेगात असताना ती पाठ स्थिर कशी राहते, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मनात आहे, आणि आता चाळिशी ओलांडल्यावर तिने तो पहिल्यांदा बोलून दाखवला.

उद्दिष्ट असे ठरवले आहे : संक्रांतीच्या सुमारास तिने घोडीवर स्वतः खोगीर चढवावे, आमच्या शेतापासून चांदोबाच्या लिंबापर्यंत पायचालीने आणि जमेल तिथे दुडक्या चालीने (पायचालीहून वेगळी, पण भरधाव नसलेली चाल) जावे, आणि घोडीला व स्वतःला कसलीही इजा न होता परत यावे. चौखूर उधळणे या प्रकल्पात नाही. ज्याची दुडकी चाल पक्की नाही त्याने पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी तिला आजच सांगून ठेवले.

घोडी आमची मैना. वय अकरा, रंग कुमैत (तांबूस तपकिरी), मारवाडी आणि गावठी रक्ताची, खांद्यापाशी उंची १४५ सेंटिमीटर. तिला वजनकाट्यावर नेण्याची सोय नसल्याने फितीने माप घेतले. छातीच्या घेराचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे, दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये असली की उत्तर किलोत मिळते. घेर १६८ आणि लांबी १४८ भरली, म्हणजे वजन साधारण ३५० किलो. पाठीवरचा सगळा भार वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही हा नियम मी पाळते, त्यामुळे मर्यादा ७० किलोंची झाली. मैत्रिणीचे वजन ५६ किलो आणि खोगीर, रिकिबी (स्वाराने पाय ठेवायच्या कड्या), घोंगडी मिळून ९ किलो. म्हणजे पाच किलोंची सवड उरते.

आज तिला घोडीवर बसवले नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नाकाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. म्हणून जवळ जाताना खांद्याच्या दिशेने, हलक्या आवाजात बोलत जायचे, एवढेच तासभर शिकवले. नंतर जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर बोटे ठेवून नाडी मोजायला लावली. तिला मिनिटाला ३८ ठोके मिळाले. शांत उभ्या घोड्याची नाडी २८ ते ४४ च्या दरम्यान असते, त्यामुळे मैना तिच्याजवळ निवांत होती असे म्हणता येईल. मैत्रिणीची स्वतःची नाडी ११० होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज मैनेची पूजा केली. सकाळी खरारा मैत्रिणीनेच केला आणि आमचे मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारे) काका बाजूला उभे राहून सांगत गेले. मानेपासून मागे, केसांच्या वळणाने, मांसल भागावर हात जोरात चालवायचा आणि जिथे कातडीखाली लगेच हाड लागते तिथे फक्त मऊ ब्रश फिरवायचा. खोगीर आणि तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) जिथे बसतात तिथे एखादे कुसळ जरी राहिले तरी तासाभरात जखम होते, म्हणून ती जागा शेवटी उघड्या तळव्याने चाचपायची. हे काम पाहायला साधे असले तरी घोड्याची ओळख खरी इथेच होते. कुठे हात लागला की कातडी थरथरते, कुठे मान सैल पडते, हे खोगिरावर बसून समजत नाही.

खूर उचलणे तिला अवघड गेले. खांद्यावरून हात सरकवत खाली न्यायचा, घोट्याच्या वर हलकेच दाबायचे आणि घोडीने पाय दिला की तो आपल्या गुडघ्याजवळ धरायचा. ती मात्र दोन्ही हातांनी पाय ओढू लागली, आणि साडेतीनशे किलोंचे जनावर ओढून उचलले जात नाही. चौथ्या वेळी तिने ओढणे थांबवून वाट पाहिली आणि मैनेने आपणहून पाय दिला. खुराच्या तळाशी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्याला पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतली माती टाचेकडून पुढे काढायची, कारण उलट दिशेने काढताना टोक पुतळीत रुतू शकते.

पूजेला झेंडूचा हार घातला, कपाळाला कुंकू लावले आणि नैवेद्य म्हणून मूठभर भिजवलेले हरभरे दिले.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिल्यांदा पाठीवर बसवले. खोगीर घातले नाही; घडी घातलेली घोंगडी पाठीवर टाकून ती पट्ट्याने आवळली. मैनेला सात मीटरच्या दोरीवर माझ्याभोवती गोल फिरवले आणि काका तिच्या डोक्याशी चालत राहिले. मैत्रिणीच्या हातात लगाम दिला नाही, आणि पुढचे काही आठवडे देणारही नाही.

हे मी इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण या प्रकल्पाचा सगळा पाया त्यावर आहे. घाबरलेला माणूस हातात जे असेल ते ओढतो. नवशिक्याच्या हातात लगाम असेल तर तोल जाताच तो लगामाला लोंबकळतो, आणि त्याच्या अंगाचा सारा भार घोड्याच्या जिभेवर आणि हिरडीवर येतो. घोडा वेदनेने मान वर करतो, पाठ ताठ करतो, त्या ताठ पाठीवर बसणे आणखी कठीण होते आणि माणूस आणखी ओढतो. ज्यांना आपण ‘तोंडाचा कडक घोडा’ म्हणतो त्यांतले बहुतेक असेच घडलेले असतात. म्हणून आधी मांड. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग घोड्याच्या अंगाला असा लागला पाहिजे, की हात पूर्ण मोकळे असतानाही तोल राहावा.

चढताना डावीकडूनच चढायचे, आणि ती शिक्षिका असल्यामुळे तिने लगेच कारण विचारले. तलवार डाव्या कमरेला असायची, त्यामुळे उजवा पाय मोकळेपणी पलीकडे टाकता यावा म्हणून ही रीत पडली असे सांगतात. आज तलवार नाही, पण घोड्यांना त्याच बाजूची सवय लावलेली असते. जमिनीवरून उडी न मारता ओट्यावरून चढवले, म्हणजे घोडीच्या पाठीच्या कण्याला पीळ पडत नाही.

वीस मिनिटांत ती उतरली. मांड्या थरथरत होत्या. ती म्हणाली, “अगं, चालत्या घोड्यावर नुसतं बसायलासुद्धा एवढी ताकद लागते?” मी तिला सांगितले की ताकद लागत नाही, तिने ती लावली म्हणून मांड्या थरथरल्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

तीच दोरी, तीच घोंगडी. आज डोळे मिटून बसवले आणि मैनेचा मागचा कुठला पाय जमिनीला टेकतो आहे ते ‘डावा’, ‘उजवा’ असे म्हणायला सांगितले. पायचालीत चारही टापा वेगवेगळ्या पडतात आणि मागचा पाय पुढे येताना त्या बाजूचे नितंब किंचित खाली जाते; बसणाऱ्याला ते आपल्या बैठकीखाली जाणवू शकते. आरंभी ती नुसते अंदाज करत होती. पंधरा मिनिटांनी तिने खांदे सोडले, श्वास लांब झाला, आणि त्यानंतरच्या दहा वेळांत नऊ उत्तरे बरोबर आली. तोपर्यंत मी काहीच समजावले नव्हते. अंग सैल झाल्यावर तिला घोडी कळू लागली.

शेवटी हात दोन्ही बाजूंना पसरून आणि मग डोक्यावर ठेवून दोन फेऱ्या झाल्या. पडली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीमुळे एक आठवडा खाडा झाला. आज शिकवायचे ठरले होते ते बाजूला राहिले, कारण सकाळी कालव्याच्या रस्त्याने धनगरांचा वाडा (मेंढरांसह फिरणारा तांडा) कोकणाकडे निघालेला दिसला आणि आम्ही दोघी तो पाहत उभ्या राहिलो. पुढे मेंढरे, मागे बिऱ्हाड लादलेल्या घोड्या. त्यांच्या पाठीवर पाल, भांडी, पीठ, बाजल्याच्या दोऱ्या आणि सगळ्यांत वर बांधलेल्या कोंबड्या व दोन दिवसांची कोकरे. घोड्या बुटक्या, आखूड पाठीच्या, खडकाळ वाटेवरही पाय न चुकणाऱ्या. या भीमथडी घोड्या. भीमेच्या थडीवरचे म्हणजे काठावरचे हे जनावर. मराठ्यांच्या फौजेत याच काटक रक्ताची घोडी होती, आणि आज ही जात प्रामुख्याने मेंढपाळांनी सांभाळून ठेवली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

एका घोडीच्या बोज्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. रिकीब नाही, लगाम नाही, हातात अर्धी भाकरी. घोडी ओढ्यात उतरली तेव्हा मुलगी किंचित मागे झुकली आणि घोडी चढ चढू लागली तेव्हा पुढे. खाणे थांबले नाही. मैत्रीण कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मी तीन आठवडे जे सांगत होते ते तिने त्या मुलीत पाहिले.

दुपारी तिने आपणहून घोंगडीवर बसून ओढ्याचा उतार मागितला. काकांनी मैनेला धरून चार वेळा उतरवले आणि चढवले. उतरताना मागे झुकणे तिला अजून भीतीचे वाटते.

२४ नोव्हेंबर, रविवार

२० तारखेला विधानसभेचे मतदान होते आणि तिला निवडणुकीचे काम लागले होते, त्यामुळे मधले दोन आठवडे मैना फक्त फिरवली. आज पहिल्यांदा खोगीर घातले. रिकिबीची लांबी जमिनीवर उभे राहूनच ठरवली : बोटांची टोके रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला लावून हात सरळ केला, की रिकिबीचा तळ काखेत यावा. पायात थोड्या टाचेचे बूट हवेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार घसरून अडकत नाही. डोक्याला घोडेस्वारीचेच शिरस्त्राण आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. मोटरसायकलचे चालणार नाही. ते जड असते आणि मान वळवू देत नाही.

मग दुडकी चाल. या चालीत पाय तिरप्या जोड्यांनी पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. प्रत्येक जोडी पडताना पाठ बसणाऱ्याला वर फेकते. नुसते बसून राहिले तर माणूस आपटत राहतो आणि त्याचा त्रास घोड्याच्या पाठीला जास्त होतो. म्हणून एका ठोक्याला उठायचे आणि दुसऱ्याला बसायचे. डावीकडे गोल फिरताना उजवा, म्हणजे बाहेरचा, खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचे, कारण त्याच वेळी आतला मागचा पाय पुढे येत असतो आणि पाठीवरचा भार हलका झाला तर तो मोकळेपणी येतो.

‘एक-दोन’ म्हणून तिला जमेना. ती आकड्यांच्या मागे राहायची. मग तीच थांबली आणि म्हणाली की तिला दुसरी मोजणी येते. पुढच्या फेरीला ती मोठ्याने ‘ग्यानबा’ला उठली आणि ‘तुकाराम’ला बसली, आणि सहाव्या-सातव्या उठबशीला ठोका नेमका सापडला. वारीत लहानपणापासून पायांनी धरलेला ताल होता तो. मी दोरी धरून मध्ये उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

उतरल्यावर तिला तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. रिंगणातल्या स्वाराची पाठ स्थिर दिसते, कारण त्याची कंबर सतत हलत असते. खालचा हेलकावा कमरेत आणि गुडघ्यात जिरतो म्हणून तो खांद्यापर्यंत पोचत नाही. पाठ ताठ धरून ठेवली असती तर ती सर्वांत जास्त हलली असती.

१ डिसेंबर, रविवार

आज ती पडली आणि चूक संपूर्ण माझी होती.

तंग आवळताना पुष्कळ घोडी छाती फुगवून धरतात. मैनेलाही ती सवय आहे. म्हणून तंग तीनदा पाहायचा : बांधताना, दहा पावले चालवल्यानंतर, आणि स्वार बसल्यानंतर पुन्हा. मी हे वीस वर्षे करत आले आहे. आज मी बोलण्याच्या नादात पहिल्यानंतरच्या दोन्ही तपासण्या विसरले. दुडक्या चालीच्या तिसऱ्या फेरीत खोगीर डावीकडे फिरू लागले. मला ते दिसले आणि मी “थांब” म्हणेपर्यंत ती घोंगडी, खोगीर यांच्यासकट मैनेच्या बरगडीवर आली होती आणि मग डाव्या खांद्यावर जमिनीवर पडली. तिचे दोन्ही पाय रिकिबींतून सुटले, कारण बूट योग्य होते. मैना दोन पावलांत थांबली, पोटाखाली लोंबणाऱ्या खोगिरासह, कान मागे करून, पण जागची न हलता. त्या घोडीचे उपकार मी विसरणार नाही. दुसरे एखादे घोडे पोटाखालच्या वजनाला बिथरून लाथा झाडत सुटले असते.

आधी मैत्रिणीला जिथे होती तिथेच पडून राहायला सांगितले. मान, हातपाय, बोटे हलवून घेतली, मग उठवले. खांद्याला मुका मार, कातडी सोललेली. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले, हाड शाबूत आहे. शिरस्त्राण जमिनीवर आपटले होते, म्हणून ते बाद केले. बाहेरून तडा दिसत नसला तरी आतले अस्तर एकदा दबले की पुन्हा उपयोगाचे राहत नाही.

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “पुढच्या वेळी तंग मी पाहीन.” हाच नियम केला आहे : जो बसतो तो शेवटचा तंग स्वतः पाहतो, शिकवणाऱ्यावर सोडत नाही.

८ डिसेंबर, रविवार

खांदा दुखत असल्याने बसवले नाही. तिने मैनेला तासभर हाताने धरून फिरवले आणि तंग बांधण्याचा सराव केला, वीस वेळा. कोपरामागे चार बोटांची जागा सोडून, कातडीची सुरकुती राहू नये म्हणून पुढचे पाय एकेक करून पुढे ओढून.

१५ डिसेंबर, रविवार

लगाम. मैनेच्या तोंडात घालण्याआधी मी लगामाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर बसले आणि वाद्या तिच्या हातात दिल्या. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये बिनदातांची मोकळी हिरडी असते, दांडा तिथे बसतो. डोळे मिटून मी माझे हात चालत्या घोड्याच्या मानेसारखे पुढे-मागे हलवत राहिले आणि तिने तेवढ्याच अंतराने, कोपर उघडत-मिटत, माझ्याबरोबर यायचे. तिच्या बोटांची प्रत्येक लहानशी दचक मला दांड्यात कळत होती. नंतर जागा बदलल्या. मी मुद्दाम एकदा झटका दिला तेव्हा तिने हात सोडून दिला आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “हे तोंडात असताना?”

मग मैनेवर बसली. आठ आठवडे हात मोकळे असल्याने तिला लगामाचा आधार लागत नाही. थांबायचे असेल तर आधी श्वास सोडून बैठक जड करते, मग बोटे मिटते. पाचपैकी तीन वेळा मैना बैठकीवरच थांबली. वळताना ती जायच्या दिशेला पाहते आणि बाहेरचा पाय लावते. काका म्हणाले, “बाईंचा हात हलका आहे.” काकांकडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

२९ डिसेंबर, रविवार

निवडणूक आटोपल्यापासून कारखाने जोरात आहेत आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्कश गाणी. आज मुद्दाम शेताच्या बांधाशी उभे राहून अर्धा तास ट्रॅक्टर जाऊ दिले. सुरुवातीला रस्त्यापासून पन्नास मीटरवर, मग तीस, मग पंधरा. घोडे घाबरले की पळते, तो त्याचा बचाव आहे. अशा वेळी लगाम आवळून धरला तर त्याला पळायला वाट नाही असे वाटते आणि भीती दुप्पट होते. तोंड आवाजाकडे करून उभे करायचे आणि पाहू द्यायचे. तिसऱ्या ट्रॅक्टरला मैनेने मान खाली घातली.

तिने येताना प्रेमाने उसाच्या वाढ्यांची मोळी आणली होती. ती घालू दिली नाही, दोन-चार कांड्याच दिल्या. घोड्याला उलटी करता येत नाही. खाण्यात अचानक बदल झाला आणि पोटशूळ उठला तर जिवावर बेतते. वाढे आठवडाभर हळूहळू वाढवत देता येतील.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी साडेसहाला निघालो, ती मैनेवर आणि मी सायकलवर. खोगीर तिने चढवले, तंग तिने तीनदा पाहिला. निघताना मैनेची नाडी ३६. कालव्याच्या कडेने दुडक्या चालीचे दोन टप्पे झाले, मधल्या ओढ्याला ती मागे झुकून उतरली. पालखीमार्गाचा मोठा रस्ता ओलांडायचा नाही असे ठरले होते, म्हणून अलीकडच्या शेतातच थांबलो. लिंबाखाली कोणी नव्हते. तिने दोन्ही पाय रिकिबींतून काढून खाली उडी घेतली, तंग दोन भोके सैल केला, मैनेला उन्हाकडे पाठ करून उभी केली आणि मगच देवळाच्या दिशेने हात जोडले. हा क्रम मी तिला शिकवलेला नव्हता.

परतीला सगळी पायचाल. घरी पोचल्यावर नाडी ६४, दहा मिनिटांनी ४४. घामाचा ठसा खोगिराच्या दोन्ही बाजूंना सारखा उमटला होता, म्हणजे भार मधोमध होता. डाव्या कोपरामागे मात्र रुपयाएवढ्या जागेतले केस तुटलेले आढळले, कातडी अखंड आहे. तिथे हळद आणि खोबरेल लावले आहे. तंगाला मेंढीच्या कातड्याचे अस्तर शिवून घ्यायचे, आणि पुढचा रविवार खोगिराविना, घोंगडीवर.